आज उडायचं की नाही? वैमानिकांचे निर्णय आणि हवेतली जोखीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि विदर्भात उड्डाण शिकणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि नुसतीच उत्सुकता असणारे वाचक यांच्यासाठी हे पान आहे. छोट्या विमानांची उदाहरणं मुख्यतः सेस्ना 152 ची घेतली आहेत. आकडे कार्बोरेटरच्या (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) जुन्या मॉडेलचे आहेत, त्यामुळे तुमच्या विमानाचं हँडबुक उघडून ते पुन्हा तपासून घ्या.

पायलट हवेत क्षणात निर्णय घेतात म्हणे. खरंच तसं असतं का?

क्वचित. 15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कमध्ये पक्षी आदळून एअरबसची दोन्ही इंजिनं गेली आणि 208 सेकंदांनी विमान हडसन नदीत उतरलं. असे प्रसंग लोकांच्या लक्षात राहतात, म्हणून पायलटचं काम म्हणजे हेच असं वाटतं. रोजचे निर्णय फार सावकाश होतात आणि त्यातले बरेचसे जमिनीवरच घ्यायचे असतात. टेबलावर बसून कागद-पेन्सिलीनं जो विचार होतो, तो 40 अंशांच्या कॉकपिटमध्ये रेडिओ ऐकता ऐकता होत नाही. धावपट्टीवर उभे असताना परत फिरलात तर दहा मिनिटं वाया जातात. अर्ध्या वाटेवर फिरलात तर इंधन जातं. ढगात शिरल्यावर फिरायचं म्हटलं तर तेवढी शुद्ध उरेल की नाही, याचीच खात्री नसते.

उड्डाणाआधी नेमकं काय तपासायचं?

‘पेव्ह’ नावाची चार भागांची पद्धत जगभर शिकवतात: पायलट, विमान, वातावरण आणि बाहेरचा दबाव. पहिल्या भागासाठी ‘आयएमसेफ’ आहे: आजार, औषध, ताण, दारू, थकवा, आणि खाणं किंवा मनाची अवस्था.

यातल्या दारूबद्दल वाद नाही. उड्डाणाआधीचे 12 तास दारू वर्ज्य आहे आणि तपासणीत प्रमाण शून्य यावं लागतं. औषधांच्या बाबतीत मात्र भले भले गाफील राहतात. सर्दीची साधी गोळी घेऊन माणूस ऑफिसला जातो, म्हणून विमानही चालवता येईल असं धरून चालतो. त्या गोळीनं येणारी गुंगी आपली आपल्याला कळत नाही. गोळी न घेता चोंदलेल्या नाकानं उडणंही तितकंच वाईट, कारण खाली उतरताना कान आणि सायनस असे दुखतात की फायनलवर (धावपट्टीकडे उतरतानाच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) लक्ष राहत नाही. सर्दी असेल त्या दिवशी उडू नये.

मे महिन्यात यात पाण्याची भर घाला. उन्हात उभ्या विमानाची बाहेरून तपासणी करतानाच घामानं अंग भिजतं. डोकं जड होणं आणि चिडचिड ही लक्षणं थकव्याची समजली जातात, पण पुष्कळदा शरीरात पाणी कमी पडलेलं असतं.

नियम असताना ‘वैयक्तिक मर्यादा’ वेगळ्या कशाला?

नियम हा परवानगीचा तळ आहे. आपल्या उंचीवर नजरेच्या भरवशावर उडताना दृश्यमानता 5 किलोमीटर हवी, ढगापासून आडवं अंतर 1,500 मीटर आणि उभं 1,000 फूट हवं. बरोबर 5 किलोमीटरच्या धुरकट हवेत 90 नॉटनं (तासाला 90 सागरी मैल) चाललेलं विमान साधारण 1 मिनिट 50 सेकंदांत ते अंतर कापतं. नव्या सोलो (एकट्यानं उडणाऱ्या) विद्यार्थ्यानं तिथे कशाला जावं?

म्हणून आपल्या मर्यादा आकड्यांत लिहून ठेवाव्यात. उदाहरणार्थ: दृश्यमानता 8 किलोमीटर, ढगाचा तळ जमिनीपासून 3,000 फूट, आडवा वारा 8 नॉट, झोतांतला फरक 10 नॉटच्या आत, सूर्यास्ताच्या तासभर आधी चाकं जमिनीवर. ‘हवा ठीक वाटली तर जाऊ’ ही मर्यादा नव्हे. या आकड्यांत बदल करायचा तो घरी, इन्स्ट्रक्टरशी बोलून. उड्डाणाच्या सकाळी मर्यादा सैल करायची नाही, हा नियम मर्यादांपेक्षाही महत्त्वाचा आहे.

आडव्या वाऱ्याचा हिशोब तोंडी करता यावा. नागपूरची धावपट्टी 14/32, म्हणजे तिच्या दोन दिशा साधारण 140 आणि 320 अंशांच्या. वारा 270 अंशांवरून 20 नॉट असेल तर 32 शी कोन 50 अंशांचा होतो आणि आडवा भाग साधारण 15 नॉट येतो. सेस्ना 152 वर आडव्या वाऱ्यातलं टेकऑफ-लँडिंग 12 नॉटपर्यंतच करून दाखवलेलं आहे. 30 अंशांना निम्मा, 45 ला सत्तर टक्के आणि 60 च्या पुढे जवळजवळ सगळा वारा आडवा धरावा.

नागपूरच्या उन्हाचा विमानावर एवढा काय परिणाम होतो? धावपट्टी तर चांगली लांब आहे.

सोनेगाव विमानतळाची समुद्रसपाटीपासून उंची 1,033 फूट. या उंचीवर प्रमाण तापमान साधारण 13 अंश धरतात. नवतप्यात दुपारी पारा 45 वर असतो, म्हणजे 32 अंश जास्त. प्रत्येक जादा अंशामागे विमानाला जाणवणारी उंची साधारण 120 फुटांनी वाढवायची, म्हणजे 3,840 फूट. शिवाय मे महिन्यात हवेचा दाब कमी असतो. क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशोबात आणलेला हवेचा दाब) 1003 असेल तर आणखी 300 फूट. बेरीज 5,000 च्या पुढे जाते. विमान उभं असतं सोनेगावला, पण पंख, पंखा आणि इंजिन यांना मिळते ती 5,000 फुटांवरची विरळ हवा.

धावपट्टी 3,200 मीटरची आहे. त्यामुळे जमीन सोडायला अडचण येत नाही आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. खरी ओढाताण त्यानंतर होते. सेस्ना 152 समुद्रसपाटीला मिनिटाला 715 फूट चढतं. वर सांगितलेल्या 45 अंशांच्या दुपारी हँडबुकच्या हिशोबानं 550 च्या आसपास उरतात, तेही नव्या इंजिनाचे आणि स्वच्छ पंखांचे. तापलेल्या जमिनीवरून हवा वर उठते तशी शेजारी खालीही येते. मिनिटाला 300 फुटांनी उतरणाऱ्या पट्ट्यात सापडलात तर हातात अडीचशे राहतात. अशा वेळी नाक वर ओढण्याचा मोह होतो. वेग घटतो, चढाई आणखी मंदावते आणि माणूस पुन्हा नाक ओढतो. वेग धरून ठेवावा आणि त्या पट्ट्यातून सरळ बाहेर पडावं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. हँडबुकमधला टेकऑफचा तक्ता 40 अंशांवर संपतो. 45 चा रकाना तिथे नाहीच. पेन्सिलीनं रेघ पुढे ओढून काढलेला आकडा हा अंदाज असतो, आणि इतका आखडता अंदाज घेऊन सोलोला जाऊ नये. उन्हाळ्यातलं उड्डाण सकाळी साडेनऊच्या आत आटपावं. त्यानंतर घारीही वर चढायला लागतात.

वजन एवढं काटेकोर का मोजायचं? दोनच तर माणसं असतात.

दोन माणसांतच ते बिघडतं. सेस्ना 152 चं कमाल वजन 757 किलो. समजा तुमच्या विमानाचं रिकामं वजन 525 आहे, दोघं प्रत्येकी 85 किलोचे, हेडसेट-पिशव्या 5 किलो. टाकी भरली की वापरता येणारं इंधन 92 लिटर, म्हणजे 66 किलो. बेरीज 766. म्हणजे 9 किलो जास्त. ‘टाकी फुल करा’ ही सवय इथे नडते. 75 लिटर भरलं तर बेरीज 754 वर येते. माणसांची वजनं खरी लिहावीत. लायसन्सच्या मेडिकलला सांगितलेलं तीन वर्षांपूर्वीचं वजन विमानाला ठाऊक नसतं.

मग इंधन पुरेल की नाही, कसं ठरवायचं?

नागपूर ते गोंदियाजवळचं बिरसी हे अंतर साधारण 74 सागरी मैल आहे. विमानाचा वेग 90 नॉट, वापर तासाला 23 लिटर धरू. पावसाळ्यात पश्चिमेचा 20 नॉट वारा असेल तर जाताना तो पाठीशी असतो आणि 40 मिनिटांत पोचता येतं. बिरसीवर पाऊस कोसळतोय, उतरता येत नाही. परत फिरलात की तोच वारा तोंडावर येतो, जमिनीवरचा वेग 70 नॉट होतो आणि घरी यायला 63 मिनिटं लागतात. जाताना 40 लागली म्हणून येतानाही 40 धरणारे इथे फसतात.

हिशोब असा: टॅक्सी आणि चढाई 5 लिटर, जाणं 16, परत येणं 24, आणि 45 मिनिटांचा हात न लावायचा साठा 17. एकूण 62. वरच्या 75 लिटरमध्ये हे बसतं, पण वर घिरट्या घालायला फक्त अर्धा तास उरतो. तो अर्धा तास संपायची वेळ घड्याळावर आधीच लिहून ठेवावी. इंधनाच्या काट्यावर विसंबू नये. टाकीत डिपस्टिक घालून स्वतः पाहावं.

मोठ्या विमानांचंही याहून वेगळं नाही. 28 डिसेंबर 1978 ला अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेडचं डीसी-8 चाकांच्या बिघाडाची उस्तवार करत घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. दहा जण गेले. इंधन कमी होतंय हे कॉकपिटमध्ये बोललं गेलं होतं, पण ठासून नाही. त्यानंतरच कॅप्टन, सहवैमानिक आणि बाकीच्यांनी एकमेकांना कसं टोकावं याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं, ज्याला आज सीआरएम म्हणतात.

उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात मोठा धोका कशाचा?

गडगडाटी ढगांचा. त्यापासून 20 सागरी मैल लांब राहावं. ढग दूर दिसतो, पाऊस तिकडेच असतो, आणि तरीही त्यातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवरून पसरत सोनेगावपर्यंत येते. धुळीची भिंत दिसली, वारा अचानक फिरला, गारवा आला, की टेकऑफ थांबवायचा. अवकाळीच्या दिवसांत ‘वादळ येण्याआधी एक सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) मारून घेऊ’ हे वाक्य कानावर आलं तर ते म्हणणाऱ्याला खाली बसवावं. हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र नागपूरच्या विमानतळावरच आहे आणि शहरात डॉप्लर रडारही आहे, त्यामुळे माहिती नव्हती ही सबब इथे चालत नाही. फक्त रडारचं चित्र काही मिनिटं शिळं असतं, हे लक्षात असू द्या.

विदर्भात कार्बोरेटरमध्ये बर्फ? काहीतरीच!

हसण्यावारी नेऊ नका. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचं बाष्पीभवन होताना आणि अरुंद जागेतून हवा जाताना तिचं तापमान 20 अंशांहून अधिक खाली येऊ शकतं. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर 25 अंश आणि हवा ओलीचिंब. इंजिनाची ताकद कमी करून उतरत असताना थ्रॉटलच्या (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी झडप) पाकळीवर बर्फ धरायला एवढं पुरतं.

पहिली खूण म्हणजे थ्रॉटलला हात न लावता आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हळूहळू घसरतो. पुष्कळ जण न कळत थ्रॉटल थोडा पुढे सरकवतात आणि खूण झाकून टाकतात. खरा उपाय म्हणजे कार्बोरेटर हीट (त्यात गरम हवा सोडणारी कळ) पूर्ण ओढणं, अर्धवट नाही. ओढल्यावर आरपीएम आणखी पडतो, आणि बर्फ वितळून पाणी आत गेलं की इंजिन खडखडतं. नेमकं तेव्हा घाबरून हीट परत आत ढकलली जाते. तसं करू नका. ओढलेली राहू द्या. पाणी जाऊन आरपीएम पहिल्यापेक्षा वर आला, म्हणजे बर्फ होता.

चुकून ढगात शिरलो तर?

1954 साली इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या 20 पायलटांची चाचणी घेतली होती. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. आतला कान खोटं सांगतो आणि शरीर त्यावर विश्वास ठेवतं, एवढंच त्याचं कारण.

नजर आत घ्या आणि कृत्रिम क्षितिजावर (विमानाचा कल दाखवणारं उपकरण) ठेवा. आधी पंख सरळ. दिशा वाचा, 180 अंश मिळवा किंवा वजा करा आणि तो आकडा मोठ्यानं म्हणा. सेकंदाला 3 अंशांनी वळा. 90 नॉटला त्यासाठी 14 अंशांचा कल पुरतो, 60 सेकंदांत विमान उलट्या दिशेला येतं. मग पंख पुन्हा सरळ. वळता वळता खाली उतरून ढगाबाहेर पडायचा प्रयत्न नको. उत्तरेकडे कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या आणि विजेच्या तारा आहेत. विमान हाती आल्यावर टॉवरला सांगा. आधी नाही.

हिवाळ्यातल्या धुक्याचंही इथेच सांगून टाकू. तापमान आणि दवबिंदू यांत 2 अंश किंवा कमी फरक असेल तर ‘सूर्य वर आला की उठेल’ म्हणून घाई करू नये. सूर्योदयानंतरचा पहिला काही काळ धुकं अनेकदा अधिकच दाटतं.

नियम माहीत असूनही अनुभवी पायलट चुकीचं का वागतात?

सुरू केलेलं पूर्ण करायची ओढ फार मोठी असते आणि मुक्काम जवळ आला की ती वाढते. 22 मे 2010 ला मंगळूरला एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान फार उंचावरून, फार वेगानं धावपट्टीकडे आलं. सहवैमानिकानं तीनदा वर जायला सांगितलं, यंत्रानं इशारे दिले, तरी लँडिंग चालूच राहिलं. 158 माणसं गेली. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेले होते, हेही चौकशीत पुढे आलं. म्हणजे थकव्याचा संबंध इथेही होता.

प्रशिक्षणात पाच घातक वृत्ती शिकवतात: ‘मला कोण सांगणार’, ‘आत्ताच करतो’, ‘मला काही होत नाही’, ‘दाखवतोच’ आणि ‘आता काय उपयोग’. आपल्याकडे चौथी सगळ्यात जास्त दिसते, विशेषतः खाली मित्र मोबाइल घेऊन उभे असले की. पाचवीकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. शांत, आज्ञाधारक विद्यार्थी संकटात इन्स्ट्रक्टर काहीतरी करतील म्हणून हात बांधून बसतो, आणि सोलोला शेजारी कुणीच नसतं.

गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) कधी करायचा? तो अपयश मानला जातो का?

ज्या संस्थेत तो अपयश मानतात, तिथे शिकू नये.

ठरलेल्या उंचीला ठरलेली अवस्था नसेल, तर वर जायचं. विमान कंपन्यांत ढगाळ हवेत जमिनीपासून 1,000 फूट आणि स्वच्छ हवेत 500 फूट अशी सर्वसाधारण रेषा असते. नागपूरला उंचीमापक क्यूएनएचवर असताना या रेषा 2,030 आणि 1,530 फुटांना येतात. हे आकडे पाठ करा, फायनलवर वजाबाकी करत बसू नका. त्या रेषेला वेग ठरलेल्यापेक्षा 5 नॉटहून जास्त नाही आणि कमी तर मुळीच नाही, विमान मध्यरेषेवर, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या खाली-वर होणाऱ्या पट्ट्या) जागेवर. छोट्या विमानात फार फार तर जमिनीपासून 300 फुटांपर्यंत हे जुळलं पाहिजे.

3,200 मीटरच्या धावपट्टीवर शिकण्याचा एक तोटा आहे. लांब टेकलं तरी काही बिघडत नाही, म्हणून सवय बिघडते. टेकायची खूण आधी ठरवा. तिच्यापुढे 300 मीटरपर्यंत चाकं टेकली नाहीत तर वर, पुढे कितीही डांबर शिल्लक असलं तरी.

152 मध्ये कृती: थ्रॉटल पूर्ण, कार्बोरेटर हीट बंद, फ्लॅप्स 20 अंशांवर, वेग 55 नॉट, मग उरलेले फ्लॅप्स सावकाश. सगळे फ्लॅप्स एकदम वर घेतले की विमान खाली बसतं. रेडिओवर बोलणं सगळ्यांत शेवटी.

टेकऑफनंतर इंजिन बंद पडलं तर परत वळायचं ना?

कमी उंचीवर नाही. नाक लगेच खाली, वेग 60 नॉट, आणि समोरच्या 60 अंशांच्या पंख्यात, म्हणजे डावी-उजवीकडे तीस-तीस अंशांत, जागा शोधा. परत यायचं तर वळण नुसतं 180 अंशांचं नसतं. धावपट्टीच्या रेषेवर येण्यासाठी त्याहून जास्त वळून पुन्हा उलट वळावं लागतं. 45 अंशांच्या कलात स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत) 19 टक्क्यांनी वाढतो आणि उंची झपाट्यानं जाते. बहुतेक जण जमिनीवर आदळतात ते याच वळणात.

उंची असेल तर साधारण दर 1,000 फुटांना दीड सागरी मैल घसरता येतं. वाऱ्याची दिशा चिमण्यांच्या धुरावरून कळते. शेत निवडताना रंगावर जाऊ नका. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागा वरून मऊ दिसतात, पण ती झाडं आहेत. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्या लहान असतात आणि प्रत्येकीला बांध असतो. कापणी झालेलं सोयाबीनचं लांबट वावर मिळालं तर उत्तम. धुऱ्याला समांतर उतरा. नांगरलेलं असेल तर नांगराच्या सऱ्यांच्या दिशेनं, वारा थोडा आडवा आला तरी.

उतरता उतरता एकदा सुरू करून पाहा: कार्बोरेटर हीट, इंधनाची कळ, इंधन-हवेचं मिश्रण, मॅग्नेटो (प्लगना ठिणगी पुरवणारी दोन यंत्रं) दोन्हीवर. नाही झालं तर मिश्रण बंद, इंधन बंद, मॅग्नेटो बंद, फ्लॅप्स लावून झाल्यावर मास्टर (विजेची मुख्य कळ) बंद, आणि टेकण्याआधी दारं उघडी. दारं बंद राहिली आणि चौकट वाकली तर ती उघडत नाहीत.

मेडे म्हटलं तर चौकशी होईल, लायसन्स जाईल, अशी भीती वाटते.

चौकशी होईल. होऊ द्या. जीव धोक्यात असेल तर ‘मेडे’ तीनदा, तातडी असेल पण तत्काळ धोका नसेल तर ‘पॅन-पॅन’ तीनदा. चालू फ्रिक्वेन्सीवर उत्तर नसेल तर 121.5. ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) 7700, फक्त रेडिओ गेला असेल तर 7600. सुरक्षिततेसाठी नियम मोडण्याचा अधिकार विमानाच्या कमांडरला नियमांनीच दिला आहे. इंग्रजीत वाक्य जुळवत बसण्यात वेळ घालवू नका. टॉवरमध्ये बसलेल्यांना तुटक शब्दही कळतात. ‘थोडा प्रॉब्लेम आहे’ एवढंच सांगितलं, तर मात्र तुम्हाला रांगेतच ठेवलं जाईल.

मुलीचं फ्लाइंग एका आठवड्यात तीनदा रद्द झालं. पैसे भरलेत, तास कधी पूर्ण होणार?

कमर्शियल लायसन्सला 200 तास लागतात आणि फी कमी नाही, त्यामुळे ही काळजी रास्त आहे. पण रोज संध्याकाळी ‘आज किती तास झाले?’ असं विचारलं गेलं, तर तोच तो बाहेरचा दबाव, ‘पेव्ह’ मधला चौथा भाग. त्याऐवजी ‘आज का रद्द झालं?’ असं विचारा. तिला वारा, ढग, दृश्यमानता आकड्यांत सांगता आली तर तिचा दिवस वाया गेलेला नाही. ‘सर म्हणाले म्हणून’ एवढंच उत्तर येत असेल, तर संस्थेत जाऊन जरूर बोला.

उड्डाण नीट झालं, काही बिघडलं नाही. मग मागे वळून काय बघायचं?

पाच मिनिटं. कुठली मर्यादा ओलांडली, कुठे नशिबानं निभावलं, इंधन हिशोबापेक्षा किती लिटर कमी-जास्त लागलं. आणि विमानाबद्दल जे खटकलं ते लॉगमध्ये लिहायचं. समजा 1,700 आरपीएमवर मॅग्नेटो तपासताना एकीकडे आरपीएममध्ये 110 चा ड्रॉप (घट) आला आणि दुसरीकडे 70 चा. मर्यादा 125 ची आणि फरकाची 50 ची, म्हणजे विमान नियमात बसतं. पण गेल्या आठवड्यात दोन्हीकडे 60 होता. हँगरमध्ये तोंडी सांगितलेलं दुपारपर्यंत विसरलं जातं. कागदावर दोन्ही आकडे, तारीख आणि वेळ असली तर इंजिनिअर प्लग काढून बघतो.